हं म्हटल्याशिवाय सोडायचं नाही

माझे भावजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, विद्यापीठाच्या कार्यशाळेत फिटर आहेत. तीस वर्षं झाली. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, विभागाच्या ऑफिसात, मी कारकून आहे. त्यामुळे ताईला नवऱ्याची दिवसभराची खबर मिळते, भावजींना बायकोचे निरोप मिळतात आणि दोघांची बोलणी मला मिळतात.

भावजी बुटके आणि रुंद. ताई त्यांच्याहून चांगली वीतभर उंच. लग्नाच्या फोटोसाठी फोटोग्राफरने त्यांना एका खोक्यावर उभं केलं होतं आणि नेमकं ते खोकं फोटोत आलं. तो फोटो बाहेरच्या खोलीत लावायला भावजींनी कधी हरकत घेतली नाही. उलट नवा पाहुणा आला की ते खोकं बोटाने दाखवतात. त्यांचा हा स्वभाव मला फार आवडतो. बाकीचा स्वभाव सोसावा लागतो.

कार्यशाळेत त्यांच्या टेबलामागे एक मोठा फळा आहे. त्यावर प्रत्येक पान्याची, पकडीची, हातोडीची आकृती पांढऱ्या रंगाने काढली आहे आणि प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीवर टांगलेलं असतं. कुणी भलतीकडे टांगलं तर भावजी बोलत नाहीत, नुसते त्या माणसाकडे बघतात. विभागप्रमुखांनी एकदा बारा नंबरचा पाना चौदाच्या जागी लावला होता. पुढचा आठवडाभर ते मागच्या दाराने ये-जा करत होते.

हत्यार दुसऱ्याच्या हातात देण्याचीही त्यांची एक रीत आहे. आधी ते फडक्यावर दोनदा घासायचं. मग मूठ समोरच्याकडे करून पुढे धरायचं. आणि समोरचा "हं" म्हणेपर्यंत सोडायचं नाही. नोकरीला लागले त्या वर्षी त्यांनी आणि त्यांच्या वरिष्ठ मिस्त्रींनी मिळून एक अवजड व्हाइस, म्हणजे काम घट्ट पकडून ठेवणारा लोखंडी जबडा, टेबलावर चढवायला घेतला होता. भावजींना वाटलं मिस्त्रींनी धरला, मिस्त्रींना वाटलं भावजींनी धरलाय. मिस्त्रींचा पाय तीन महिने प्लॅस्टरमध्ये होता. तेव्हापासून हे "हं" सुरू झालं ते आजतागायत. माझी भाची जन्मली तेव्हा हॉस्पिटलात भावजींनी ती दोन दिवसांची पोर माझ्यापुढे धरली. मी हात पसरून उभी, ते हात पसरून उभे, पोर मध्ये. मला काही कळेना. शेवटी ताई पलंगावरून ओरडली, "अगं, हं म्हण, नाहीतर ती तिथेच शाळेत जायची होईल!"

माझ्या घरात असा एक खिळा नाही जो भावजींनी ठोकलेला नाही. नळ गळला, कडी लागेना, कपाटाचं दार कुरकुरलं, की फोन भावजींना. दोन वर्षांपूर्वी पडद्याचा दांडा बसवायला आले होते, तर त्यांच्या पायाखालचं माझं डुगडुगतं स्टूल सटकलं. क्षणभर ते डाव्या हाताने दांड्याला लोंबकळले. "सर्कशीत घेतील का गं मला?" म्हणाले, खाली उतरले, स्टुलाचा पाय आधी ठीक केला, मग दांडा लावला आणि चहा घेऊन गेले. मी पोट धरून हसले होते.

आता भावजींच्या भीतीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापायीच झालं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर किल्ल्यांची एक खिडकी आहे. आत एक खुर्ची, एक रजिस्टर आणि भिंतीवर दोनशे किल्ल्या. कुणी आलं की किल्ली द्यायची, सही घ्यायची. आधी तिथे आमचे वेल्डरकाका बसायचे. डोळे अधू झाले म्हणून त्यांना कार्यशाळेतून उचलून तिथे बसवलं. ज्या माणसाच्या हातून कधी एक टाका वाकडा गेला नाही तो माणूस एकच वर्तमानपत्र तीनदा वाचायचा आणि किल्लीला आलेल्या कुणालाही "बसा की जरा" म्हणायचा. भावजी त्या खिडकीसमोरून जाताना मान वळवून पलीकडे बघत. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ही तीन वर्षं आपल्या टेबलापाशीच जावीत, एवढीच त्या माणसाची इच्छा.

कार्यशाळेला लागूनच मॅडमची लॅब आहे. मॅडम म्हणजे आमच्या रोबोच्या प्राध्यापक. त्यांचं संशोधन मला जेवढं कळलं तेवढं असं: माणसाला घरी पाठवून त्याच्या जागी काम करणारे रोबो पुष्कळ आहेत, पण माणसाच्या जोडीला उभं राहून काम करणारा रोबो अवघड. त्याला समोरच्याकडे बघून समजलं पाहिजे, की आता याला पाना लागणार, आता याला पट्टीचं दुसरं टोक धरून हवंय, आता द्यायचं, आता सोडायचं. हे "आता" कुणी सांगायचं नाही, त्याचं त्यालाच उमगलं पाहिजे. त्यासाठी चाकांच्या गाडीवर बसवलेला एक लांब हात त्यांनी तयार केला होता. हाताला तीन बोटं, वर दोन कॅमेरे, पोटाशी एक माइक.

भावजींनी त्याचं नाव ठेवलं जावईबापू. का, तर त्याला थंड खोली लागते, त्याच्याभोवती चार माणसं हात जोडून उभी असतात, कशाने बिनसेल सांगता येत नाही आणि काम काडीचं नाही. महिन्याभरात मॅडमसकट सगळी लॅब त्याला जावईबापू म्हणायला लागली.

जावईबापूंना शिकवायची जबाबदारी मॅडमच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीवर होती. ती एवढीशी आहे आणि अखंड बोलते, म्हणून आम्ही तिला चिमणी म्हणतो. ठरलं असं होतं, की चोवीस वेगवेगळ्या माणसांनी रोबोबरोबर लोखंडी रॅक जोडायचे आणि रोबोने बघून बघून शिकायचं. विद्यार्थी आले. कुणी दहा मिनिटांत कंटाळला, कुणी रोबोपुढे नाचून दाखवलं, एकाने त्याच्या बोटांत केळं दिलं. चिमणी रडकुंडीला आली. मग तिची नजर शेजारी गेली, तर भावजी तिथे खरोखरचे रॅक जोडत होते, कारण नव्या ग्रंथालयाला एकतीस रॅक हवे होते.

"काका, हे आमच्या इकडे येऊन जोडाल का? जावईबापू मदत करतील."

"मदत? अगं, त्याला आधी उभं राहायला शिकव," भावजी म्हणाले. पण गेले.

त्याआधी एक संमतीपत्र भरायचं होतं. ते माझ्याच फाईलमध्ये लागतं. मी भावजींना एकेक प्रश्न वाचून दाखवला. हाता-पायांत, सांध्यांत काही दुखणं, काही अडचण? भावजी पेन हातात घेऊन थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "छे!" आणि 'नाही'च्या चौकोनात बरोबरची खूण केली. मला वाटलं चष्मा शोधतायत.

चार महिने ही जोडी जमली. मी दुपारी डबा खायला खाली जायची तेव्हा बघायची. पहिले काही दिवस भावजी त्याला नुसते झापत होते. "अरे, मूठ माझ्याकडे! पातं धरून देतोस, मारायचा विचार आहे का?" मग हळूहळू बोलणी कमी झाली. मग भावजी नुसता हात पुढे करायचे आणि त्यात बरोबर तेरा नंबरचा पाना यायचा. एक दिवस मी बघते तर काय, जावईबापूंनी पाना उचलला, फडक्यावर दोनदा घासला, मूठ पुढे केली आणि थांबले. भावजी म्हणाले, "हं." जावईबापूंनी सोडला. चिमणीने आनंदाने उडी मारली. भावजींनी तोंड फिरवलं, पण कानापर्यंत लाल झाले होते.

रविवारी ताईकडे गेले की हेच पुराण. आज जावईबापूंनी असं केलं, आज तसं केलं. ताई ऐकून घ्यायची आणि मला म्हणायची, "कप काढ गं." तिच्या स्वयंपाकघरातली कपांची फळी गुडघ्यापेक्षा जरा वर आहे. दर वेळी मी कमरेत वाकते आणि दर वेळी कुरकुरते. ताईनेच ती भावजींकडून खाली घेऊन घेतली होती. हात पोचत नाही म्हणाली होती. त्याच सुमाराला कपडे वाळत घालायची दोरीही खाली आली आणि तेव्हापासून त्यांच्या गॅलरीत चादरी जमीन पुसतात. मी आपली म्हणायची, वय झालं ताईचं.

एकतिसावा रॅक जोडून झाला आणि प्रात्यक्षिकाचा दिवस ठरला. विभागप्रमुख येणार होते, कार्यशाळेचे अधीक्षक येणार होते आणि विद्यापीठाच्या हॉस्पिटलमधल्या फिजिओथेरपिस्ट बाई येणार होत्या, कारण असा रोबो पुढे रुग्णांच्याही उपयोगी पडेल असं मॅडमना वाटत होतं. भावजी इस्त्रीचा शर्ट घालून मागे भिंतीपाशी उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी.

पहिला मान विभागप्रमुखांचा. त्यांनी अर्धवट जोडलेल्या रॅकपुढे उभं राहून हात पुढे केला. जावईबापूंनी पाना उचलला आणि फडक्यावर दोनदा घासला. सगळे हसले. मग मूठ पुढे केली. विभागप्रमुखांनी पाना धरला आणि ओढला. पाना सुटेना. जोरात ओढला. सुटेना. मग त्यांनी दोन्ही हातांनी धरून मागे जोर केला, तर जावईबापू गाडीसकट सावकाश त्यांच्यामागून निघाले, सासऱ्याचा आग्रह मोडवत नसल्यासारखे.

"साहेब," भिंतीपासून भावजी म्हणाले, "हं म्हणा."

"काय?"

"हं."

"हं?" विभागप्रमुख म्हणाले, पाना सुटला आणि ते मागच्या खुर्चीत जाऊन बसले. बसले ते बसलेच, पुन्हा उठले नाहीत.

चिमणीचा चेहरा पडला होता. तिने घाईघाईने फिजिओ बाईंना पुढे बोलावलं. त्या डावखुऱ्या. त्यांनी डावा हात पुढे केला, तर जावईबापू वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेले आणि पाना पोटाच्या उंचीवर धरला. बाईंनी पुन्हा डावा हात केला. जावईबापू पुन्हा उजवीकडे. मग बाईंनी रॅकची वरची पट्टी धरायला डावा हात उंच केला मात्र, जावईबापू झटकन पुढे आले, खालून पट्टी स्वतःच्या बोटांत घेतली आणि तशीच वर धरून उभे राहिले. जणू म्हणत होते, राहू द्या, मी आहे. बाईंनी तीनदा करून बघितलं. तिन्ही वेळा तेच.

बाई हसायला लागल्या. मनात काही नव्हतं त्यांच्या, कोडं सुटल्याचा आनंद होता. "अहो, याला ज्याने शिकवलंय ना, त्या माणसाचा डावा खांदा जाम आहे. हात खांद्याच्या वर जातच नाही त्याचा. कोण आहे तो?"

खोलीतली सगळी माणसं एकदम भावजींकडे वळली. भावजींच्या हातात पाहुण्यांसाठी आलेल्या चहाचा ट्रे होता. उजव्या हातात. डावा हात पँटच्या खिशात होता, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की गेले कित्येक महिने तो हात मी खिशातच बघत आले होते.

"बाकीच्या तेवीस जणांचं काय झालं?" मॅडमनी हळू आवाजात विचारलं.

"त्यांचं काम स्वच्छ नव्हतं मॅडम," चिमणी पुटपुटली. "कुणी केळं दिलं, कुणी नाचलं. काकांचं कसं, रोज सेम टू सेम. म्हणून बाकीचं मी गाळून टाकलं."

म्हणजे जावईबापूंनी जगात एकच माणूस बघितला होता. त्यांच्या दृष्टीने माणूस म्हणजे भावजी. माणसाला फडकं लागतं, माणूस हं म्हणतो आणि माणसाचा डावा हात वर जात नाही.

अधीक्षक उठले. माणूस वाईट नाही, पण नियमाचा पक्का. "उस्ताद, उद्या दहाला माझ्या केबिनमध्ये या," ते भावजींना म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, "संमतीपत्राची फाईल घेऊन तुम्हीही."

कार्यशाळेच्या छताला चेनपुली आहे, अवजड यंत्रं उचलायची. ती चालवणाऱ्याचे दोन्ही हात डोक्याच्या वर जायला हवेत, असा नियम आहे, आणि दर वर्षी त्याची तपासणी होते. गेली दोन वर्षंही भावजी त्या तपासणीत पास झाले होते. कसे, ते मला त्या संध्याकाळी ऑफिसात कळलं.

"पट्टा न लावता गेलो," भावजी म्हणाले. "डॉक्टर म्हणाले हात वर. मी उजवा झटकन वर केला आणि डाव्याने पँट धरून ठेवली. डॉक्टर हसले, म्हणाले, असू द्या, असू द्या."

मला हसू आलं आणि त्याच वेळी रागही आला, इतका की मी फाईल टेबलावर आपटली. "मला सांगायला काय झालं होतं? मी काय परकी आहे?"

फाईलमध्ये सगळ्यात वर त्यांचं संमतीपत्र होतं आणि त्यावर ती खूण. मी दार लावलं. "भावजी, हा कागद हरवू शकतो. या ऑफिसात याहून मोठमोठे कागद हरवलेत."

त्यांनी तो कागद हातात घेऊन बघितला आणि परत फाईलमध्ये ठेवला, कडा नीट जुळवून. "नको. फळ्यावर हत्यार नसलं की रिकामी आकृती सगळ्यात आधी दिसते." मग दारापाशी थांबून म्हणाले, "ताईला मात्र सांगू नकोस. खिडकीत बसवलं तर सांगेन मी कसंतरी."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. वेल्डरकाकांचं "बसा की जरा" सारखं कानात येत होतं.

दुसऱ्या दिवशी दहाला अधीक्षकांच्या केबिनमध्ये आम्ही सहा जण. मॅडम, चिमणी, फिजिओ बाई, मी, भावजी आणि टेबलामागे अधीक्षक. त्यांनी फाईल उघडायच्या आधीच भावजी उभे राहिले.

"साहेब, डावा हात कानापर्यंत जात नाही. दोन वर्षं झाली. कागदावर मी खोटं लिहिलं आणि तपासणीतही फसवलं. काम मात्र कधी खोटं केलं नाही."

फिजिओ बाईंनी त्यांचा हात धरून हळूहळू वर नेला. खांद्याच्या रेषेत आला आणि भावजींचा श्वास अडकला. "कधीपासून म्हणालात? कशाने झालं?"

भावजींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर. "आठवत नाही."

दांडा, डुगडुगतं स्टूल, डाव्या हाताने लोंबकळलेले भावजी आणि पोट धरून हसणारी मी. "मला आठवतं," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. सांगताना आवाज फुटला, त्याची लाज वाटली नाही. भावजी मध्येच म्हणाले, "स्टुलाचा पाय मीच आधी बघायला हवा होता." त्या माणसाला त्यातही फिटरचीच चूक दिसली.

अधीक्षकांनी चष्मा काढला. "उस्ताद, तुम्हाला खिडकीत बसवायची मला हौस नाही. पण चेनपुली बंद, शिडी बंद. मग खांद्याच्या वरचं काम करणार कोण?"

चिमणीने लॅपटॉप उघडला. आयुष्यात पहिल्यांदा ती थोडक्यात बोलली. "सर, माझ्याकडे चार महिन्यांची नोंद आहे. काकांनी डावा हात एकदाही खांद्याच्या वर नेलेला नाही. आणि रॅक एकतीस. मी काल संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन प्रत्येक बोल्ट तपासला. एकही ढिला नाही. वरचं सगळं जावईबापूंनी धरलंय."

"आणि यंत्राच्या हातून सुटलं, डोक्यात पडलं तर?"

"तो सोडत नाही," मॅडम म्हणाल्या. "विभागप्रमुखांना विचारा."

अधीक्षकांनी हसू दाबायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग सगळेच हसले, एकटे भावजी सोडून, कारण त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता.

ठरलं ते असं. खोट्या कागदाबद्दल एक ताकीद, ती मीच टाइप केली आणि माझ्या हाताने त्यांच्या फाईलला लावली. चेनपुली वेल्डरकाकांच्या जागी आलेल्या तरुण वेल्डरकडे गेली. चेनपुलीची साखळी त्याच्या हातात देताना भावजींना किती जड गेलं ते मी बघितलं. टेबल, फळा आणि रॅकचं काम त्यांच्याकडेच राहिलं, जावईबापूंच्या जोडीने, सहा महिन्यांसाठी. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी, फिजिओ बाईंच्या समोर आणि पट्टा लावून. तोवर हात कानापर्यंत आला नाही तर खिडकी. चिमणीने उरलेल्या तेवीस जणांना पुन्हा बोलवायचं आणि त्यांना रॅक जोडायला शिकवायचं भावजींनी. "केळंवाल्याला आधी पाठव," ते म्हणाले.

"हात येईल," फिजिओ बाई म्हणाल्या. "मात्र व्यायाम रोज हवा, आणि तो एकट्याने होत नाही. काठीचं एक टोक तुम्ही धरायचं, दुसरं समोरच्याने, आणि त्याने हळूहळू वर न्यायचं. घरी कोण आहे?"

"ताई आहे ना," मीच सांगितलं. भावजी म्हणजे अधीक्षकांपुढे उभा राहिलेला माणूस, पण आता खरा घाबरला होता.

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेले. काठी माझ्या हातात. वाटेत ते पुटपुटत होते, आधी हे सांगू, मग ते सांगू. ताई स्वयंपाकघरात टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. भावजी समोर बसले. "अगं, आमच्या ऑफिसात काल एक गंमत झाली, जावईबापूंनी माझं एक गुपित फोडलं..."

"खांद्याचं ना?" ताई म्हणाली. मान वर न करता.

भावजींनी माझ्याकडे असं बघितलं, की मी काठी खाली टाकून कानाला हात लावला. "शपथ! मी नाही सांगितलं!"

"ती कशाला सांगेल? मला काय डोळे नाहीत?" ताईने एक शेंग सोलली. "हिच्याकडे पडदा लावून आलात त्या संध्याकाळी शर्ट काढताना तोंड वाकडं केलंत. मी विचारलं तर म्हणालात, कॉलर घट्ट आहे. दोन वर्षांत चार नंबर मोठा शर्ट घेऊन बघितला, तरी तुमची कॉलर घट्टच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून. म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील. तोवर फळी खाली घेऊन घेतली."

"फळी? ती तर तुझा हात पोचत नव्हता म्हणून..."

ताई उठली. कपांच्या फळीच्या वर, भिंतीत, जुन्या स्क्रूंची भोकं अजून दिसतात, पुट्टी भरून बुजवलेली. भावजींनीच बुजवलेली. ताईने सरळ उभं राहून, टाचा जमिनीला टेकवून हात वर केला. तिचा तळवा त्या भोकांच्याही वर, आरामात भिंतीवर टेकला. तशीच उभी राहिली.

भावजी त्या भोकांकडे बघत राहिले. स्वतःच्या हाताने स्क्रू काढले होते, फळी खाली बसवली होती, मिलिमीटर मोजून. बायकोची उंची मात्र त्यांनी मोजली नव्हती. मी दोन वर्षं वाकून कप काढले आणि ताईचं वय झालं म्हणत राहिले, माझीही तीच गत.

"तुमच्या जावईबापूंना कळायला चार महिने लागले," ताई म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. "एवढे कॅमेरे लावून!"

भावजींच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही, कारण उजव्या हाताने त्यांनी ताईचा हात धरला होता. मग मीच काठी उचलली, फडक्यावर दोनदा घासली आणि ताईपुढे धरली. ती लगेच म्हणाली, "हं." तिने काठीचं एक टोक भावजींच्या डाव्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि सावकाश वर न्यायला लागली. छातीपर्यंत आली. खांद्यापर्यंत आली. तिथे भावजींचा श्वास अडकला, तशी ती थांबली. थांबली, पण सोडलं नाही.

मी चहा ठेवला, तो उकळला, मी वाकून तीन कप काढले, गाळला, तरी दोघं तशीच समोरासमोर उभी होती. भावजी काही हं म्हणायला तयार नव्हते.